आईचा अंगठा
आज आईला नागपूरला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. तिच्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढलाय. निंदणाला जाताना चपलेचा पट्टा नेमका तिथंच घासतो, म्हणून तिनं तेवढा पट्टा विळ्यानं कापून टाकलाय. किती वर्षं सोसलं बाईनं!

गावात सगळे म्हणत, हाड वाढलं. एक्स-रेत दिसलं ते वेगळंच: अंगठ्यामागचं हाड बाहेर सरकलेलं आणि अंगठा बोटांकडे वळलेला. आता मोठी चीर न देता काही मिलिमीटरच्या छिद्रांतून, एक्स-रेवर बघत हाड कापून सरळ करतात, स्क्रूनं बसवतात. कडक तळाचा बूट घालून बहुतेकांना लवकरच पाय टेकता येतो. पण छिद्र लहान असलं तरी हाड कापलेलंच असतं, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावं. जुळायला 6 आठवडे तरी लागतात, सूज काही महिने राहते.

आईनं एकच विचारलं, "कापूस वेचाले जाता येईन ना मले?"

ढेकळांत इतक्यात नाही, डॉक्टर म्हणाले. म्हणून वेचणी आटोपल्यावर, उन्हाळ्यात ऑपरेशन करायचं ठरवलंय. तोवर रुंद पंजाची चप्पल. ती मात्र येतानाच घेतली, सीताबर्डीवरून.