महसुलात न दिसणारी थकबाकी

ऑगस्ट 2025मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा या व्यवसायातील संघटनांनी सरकारला सांगितले की, हा उद्योग वर्षाला 20,000 कोटी रुपयांहून अधिक कर भरतो. त्याच वेळी सरकारचा अंदाज असा होता की, या खेळांत सुमारे 45 कोटी लोक वर्षाला जवळपास 20,000 कोटी रुपये गमावतात. दोन्ही आकडे आपापल्या बाजूचे आहेत, हे धरूनही ते शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत. कारखान्यात काही तरी तयार होते आणि त्यावर कर बसतो. इथे एकाच्या खिशातला पैसा दुसऱ्याच्या खात्यात जातो आणि वाटेत सरकार आपला वाटा घेते. ऑक्टोबर 2023पासून खेळाडूने भरलेल्या संपूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत महसूल 412 टक्क्यांनी वाढून 6,909 कोटींवर गेल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले. लोकांनी जितके अधिक लावावे तितकी तिजोरी भरावी, अशी ही रचना होती.

मी मुंबईतील कामगारांच्या एका पतसंस्थेच्या कर्ज समितीवर आहे. अर्जावर कारण ‘घरदुरुस्ती’ किंवा ‘मुलीची फी’ लिहिलेले असते. सोबतच्या खातेउताऱ्यात मात्र पगाराच्या दिवशी अशा खेळांच्या ॲपकडे गेलेल्या 49 आणि 99 रुपयांच्या नोंदी, मग एकाच तारखेला 500, 2,000, 5,000 अशा चढत जाणाऱ्या रकमा आणि महिनाअखेरीस झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडून जमा झालेले पैसे दिसतात. हप्ते थकले की कपात जामीनदाराच्या पगारातून होते. हा जामीनदार बहुधा त्याच खात्यातला सहकारी असतो. त्याने शब्दाखातर सही केलेली असते आणि जन्मात कधी पत्त्याला हात लावलेला नसतो. त्याच्या पगारातून कापलेले पैसे, घरातले गहाण पडलेले दागिने, मुलांचा मध्येच सुटलेला क्लास यांपैकी काहीही कोणत्याही अर्थसंकल्पात खर्च म्हणून नोंदले जात नाही. महसूल मात्र रुपया-पैशांत मोजला जातो, त्यामुळे तुलना सुरू होण्याआधीच तराजू एका बाजूला झुकलेला असतो.

आपल्या राज्याला हा पेच नवा नाही. तेव्हाच्या मुंबई प्रांताने 1948च्या कायद्याने लॉटरी व बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर दोन्ही आणले. त्याला आव्हान मिळाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1957मध्ये चमारबागवाला खटल्यात निर्वाळा दिला की, जुगार हा संविधानाचे संरक्षण असलेला व्यापार नाही. तरीही 1969मध्ये महाराष्ट्र राज्याने स्वतःची लॉटरी काढली. उलट, कॅसिनोंना परवानगी देणारा 1976चा कायदा कधीच अमलात आणला नाही आणि 2023मध्ये तो रद्द केला. शेजारच्या गोव्यातील कॅसिनोंची कमाई दिसत असूनही आपण तो पैसा सोडला, हे मला महत्त्वाचे वाटते.

बंदीविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा मटक्याचा आहे. कायद्याने बंद असूनही तो गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या चालला, तसे आता लोक परदेशी संकेतस्थळांकडे आणि टेलिग्रामवरच्या गटांकडे वळतील, असे म्हटले जाते. काही जण वळतीलही. परंतु मटक्याच्या अड्ड्यावर पाय ठेवताना माणसाला चोरी वाटत असे. ॲपने ती चोरी काढून टाकली होती. नामवंत क्रिकेटपटू सामन्याच्या मधल्या वेळेत जाहिरात करत होते, पैसे यूपीआयने जात होते आणि ‘आम्ही कर भरतो’ हेच प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र झाले होते. आमच्याकडे आलेले बहुतेक कर्जदार अड्ड्यावर कधीच गेले नसते. म्हणूनच नव्या कायद्यात जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद व 50 लाखांपर्यंत दंड, बँकांना हे व्यवहार करण्यास मनाई आणि खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, ही मांडणी मला योग्य वाटते. शिक्षेची भीती असती, तर एकाही घराने तोंड उघडले नसते.

आता बुडालेल्या करापेक्षा मागे राहिलेल्या कर्जांचा विचार तातडीने व्हावा. महापालिकेच्या रुग्णालयांत दारूच्या व्यसनाइतक्याच सहजपणे जुगाराच्या व्यसनावर उपचार मिळावेत, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक कारखान्यांच्या सूचनाफलकावर लागावा आणि पतसंस्थांना अशा कर्जांची हप्तेबंदी नव्याने करून देण्याची मुभा सहकार खात्याने द्यावी, म्हणजे निदान जामीनदाराची कपात थांबवता येईल.