रिटायर आहात, पण ज्येष्ठ नाही

लग्नाच्या पंगतीत, सकाळी फिरायला जाताना, परवा तर दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना हा प्रश्न आला. "तुम्ही लवकर रिटायर झालात ना? पण लवकर म्हणजे नक्की कितव्या वर्षी हो?" तेव्हा तोंडात कापूस होता. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

वयापासून सुरुवात करायची तर तिथेच पहिली पंचाईत. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख 1 जून 1957 आहे. आमच्या वर्गात निम्म्यांची तारीख तीच. पोर पहिलीत घालायला आणलं की गुरुजी अंदाजानं सहा वर्षं मागं जायचे आणि 1 जून टाकून मोकळे व्हायचे. म्हणून तर महाराष्ट्रात 31 मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. आजीच्या हिशेबानं मी बेंदराच्या आदल्या दिवशीची, धाकट्या काकांच्या लग्नानंतरच्या आषाढातली, म्हणजे 1958 ची. कागदावर मी खऱ्यापेक्षा वर्षभरानं मोठी आहे.

तर या कागदानुसार 43 वर्षं 10 महिन्यांची असताना, 31 मार्च 2001 ला, मी कराडजवळच्या एका बँकेच्या शाखेतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. 2000 साली सरकारी बँकांत ती योजना आली आणि लाखाच्या वर माणसं बाहेर पडली. अट होती 15 वर्षं नोकरी किंवा 40 वर्षं वय. दर पूर्ण वर्षामागे 60 दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं जे कमी असेल ते. माझी नोकरी 22 वर्षं झालेली, 194 महिने उरलेले. म्हणजे एकदम 44 महिन्यांचा पगार.

लोकांना यामागं काही उदात्त कारण हवं असतं. सासूबाईंचं आजारपण, मुलीची दहावी, अध्यात्म. मुलगी दहावीला होती हे खरं, पण माझं कारण होतं कॅल्क्युलेटर. एवढी रक्कम एकत्र आमच्या दोघांच्याही घराण्यात कुणी पाहिली नव्हती. आणि यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांना 58 पर्यंत पगार होता. ही गोष्ट मी पूर्वी सांगताना गाळायची. आता गाळत नाही, कारण घरात दुसरा पगार नसता तर त्या फॉर्मवर सही करायची माझी छाती झाली नसती.

बँकेत त्या दिवसांत कुणी कुणाला वय विचारत नव्हतं. "सर्व्हिस किती झाली?" एवढंच. 15 च्या पुढं असेल तर पेन्शन पक्की, म्हणून 14 वर्षंवाले बिचारे गप्प बसलेले असायचे. आमच्याकडं लवकर आणि उशिरा हे जन्मतारखेपासून मोजतच नाहीत, जॉइनिंगच्या तारखेपासून मोजतात.

शाखेच्या दारात बंदूक घेऊन बसणारे मामा अपशिंग्याच्या बाजूचे. फौजेत 17 वर्षं काढून ते 36 व्या वर्षी पेन्शनीत आले होते. त्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेतला, त्यामुळं 36 व्या वर्षी पेन्शनीत येणं म्हणजे लवकर, असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नाही. मी व्हीआरएसचा फॉर्म भरला तेव्हा मात्र तेच म्हणाले, "मॅडम, एवढ्या लवकर?"

शेवटचा दिवस म्हणजे वार्षिक क्लोजिंग. निरोपाला कुणाला वेळ? साडेसातला चहा आणि पेढा झाला आणि सगळे परत लेजरवर. सेव्हिंगच्या बॅलन्सिंगमध्ये 18 रुपयांचा फरक येत होता. फरकाला 9 नं भाग गेला की समजायचं, कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. साडेदहाला तो सापडला. 64 चे 46 झाले होते, आणि अक्षर माझंच. मी लाल शाईनं दुरुस्ती केली, खाली सही केली आणि घरी आले. बँकेतली माझी शेवटची सही ती.

एफडीला तेव्हा नऊ-दहा टक्के व्याज होतं. मी ते कायमचं धरून चालले. बँकेत 22 वर्षं काढलेल्या बाईनं! तीन वर्षांत दर सहाच्या खाली आले. पेन्शनीचंही तसंच. पूर्ण पेन्शनला 33 वर्षं लागायची. त्यात एक तृतीयांश मी एकरकमी पैसे घेऊन विकली होती, ती 15 वर्षांनी, 2016 ला परत सुरू झाली. महागाई भत्ता वाढतो, पण मूळ पेन्शन 2001 च्या पगारावर बसली ती बसली. पुढच्या करारांत पगार वाढत गेले, आम्ही मात्र अजून 'अपडेशन कधी', म्हणजे मूळ पेन्शन नव्या पगारांप्रमाणे कधी वाढणार, हेच एकमेकांना विचारतोय.

मग 2004 साली पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आली, 9 टक्क्यांची. मी पासबुकं घेऊन पोचले. खिडकीतल्या माणसानं माझे कागद दोनदा वाचले. नियम असा की 60 पूर्ण हवीत, व्हीआरएसवाल्यांना 55 चालतात. मी 47 ची. तो अगदी अजिजीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही रिटायर आहात, पण ज्येष्ठ नाही."

हे वाक्य मी पुढं 13 वर्षं बरोबर बाळगलं. 2012 ला 55 झाले म्हणून पुन्हा गेले, तर निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून महिन्याभरात भरायला हवे होते. माझे 11 वर्षांपूर्वीच आलेले. प्रत्येक खिडकीचं वय वेगळं असतं. इन्कम टॅक्सवाले व्हीआरएसची सूट देताना 40 वर्षं वय किंवा 10 वर्षं नोकरी बघतात. कारखान्यातल्या माणसाला प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन 58 ला, 50 नंतर मागितली तर मिळते, पण 58 ला कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कापून. एस.टी.नं मला 65 ला ज्येष्ठ मानलं, अर्धं तिकीट दिलं, आणि पुढच्याच मार्चमध्ये सरसकट सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं. माझं म्हातारपण फुकट गेलं.

तेव्हा माझं उत्तर असं आहे: 55 च्या आत सगळं लवकरच. कारण तिथपर्यंत तुम्हाला कुठलीच खिडकी धड ओळखत नाही. ती मधली वर्षं स्वतःच्या खिशातून काढायची असतात, आणि ती किती आहेत हे मोजलं की वय आपोआप कळतं. माझी, कागदावर 60 होईपर्यंत, 16 निघाली.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला 40 ला रिटायर व्हायचंय. वर्षाच्या खर्चाच्या 25 पट पैसे जमले की बास, असा त्याचा एक्सेल आहे. मी त्याला म्हटलं, बाबा, त्याला नोकरी सोडणं म्हण. रिटायर म्हणू नकोस, नाहीतर वधूपित्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना खुलासा देत बसशील. आणि तुझ्या त्या एक्सेलात व्याजाचा दर निम्मा करून बघ. त्यानं तिथल्या तिथं करून बघितला. मग म्हणाला, "मावशी, चहा टाक."

2017 ला मी 60 ची झाले, कागदावर. आदल्या दिवशी, 31 मेला, माझ्याबरोबर लागलेल्या मैत्रिणीचा निरोप समारंभ झाला. ती पण गुरुजींच्या 1 जूनचीच. शाल, श्रीफळ, चांदीचं निरांजन, मॅनेजरचं भाषण, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टात. 9 टक्क्यांचे 8.4 झाले होते, पण रांग मोठी होती, आणि माझ्या पुढच्या चौघांच्याही आधार कार्डावर 1 जूनच. खिडकीत आता नवा मुलगा होता. त्यानं माझी तारीख बघितली, हसला आणि म्हणाला, "मॅडम, कालच रिटायर झालात ना?"

मी म्हटलं, "हो."