गच्चीवरचं खारं वारं

वैशाखात आमच्या सातारच्या गच्चीवर वाळवण असतं तेव्हा साडेपाचच्या सुमारास आई घड्याळ न बघताच वर जाते. कुरडयांवर पसरलेल्या जुन्या साडीचा पश्चिमेकडचा काठ आधी नुसता थरथरतो, मग फुगतो, आणि त्यावरची वीट कमी पडायला लागते. "आलं बघ यवतेश्वराकडनं," म्हणत ती परात पुढे ओढते.

लहानपणी मला वाटायचं, हे वारं यवतेश्वरच्या डोंगरातच राहायला असतं. शाळेत खारे वारे, मतलई वारे घोकले, पेपरात बाणही काढले. पण त्या बाणाचं टोक आमच्या कुरडयांपर्यंत येतं, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. समुद्र इथून सरळ रेषेत 80-90 किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री!

मातीपेक्षा पाणी तापायला चार-पाचपट उष्णता खातं. त्यात लाटा ते सारखं ढवळत असतात. म्हणून मे महिन्यात इकडे पारा 38 ला टेकला तरी अरबी समुद्र आपला 29-30 अंशांवर निवांत. तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी समुद्रावरची धावत येते. हिवाळ्यात समुद्र जेमतेम दोन-तीन अंश निवतो, जमीन मात्र पार गारठते. फरक आटला की वाऱ्याचा दमही आटतो. थंडीत आईची वीट जागची हलत नाही.

राहिला सह्याद्री. तो अडवतो, हे खरंच. पण ऊन कलतं तसे कोकणाकडचे कडे तापतात, त्यांना बिलगलेली हवा वर सरकते आणि किनाऱ्यावरून आलेल्या वाऱ्याला आयता जिना मिळतो. महाबळेश्वरला आर्थर सीटवरून सावित्रीच्या दरीत कागदाचा कपटा सोडून बघा. वारं लागलेलं असलं तर तो खाली न जाता तुमच्याच डोक्यावरून मागे जातो. (लोक बाटल्यांची झाकणं टाकतात. परत न आलेल्या झाकणांचा दरीत ढीग झाला असेल.) हा सगळा चढ चढायचा, म्हणजे किनाऱ्यावर दुपारी सुटलेल्या वाऱ्याला आमच्याकडे संध्याकाळ होणारच.

परवा दापोलीची मावशी आली होती. साडी फडफडली तशी ती कठड्याशी गेली, नाक वर करून जरा वेळ थांबली.

"आमच्याकडचंच गो हे," म्हणाली. "मीठ तेवढं वाटेत सांडून आलंय."

"बरं झालं," आई म्हणाली, "कुरडयांत आहे ते पुरे. परात धर तिकडनं."