छोट्या शहरातल्या बागा आणि पायवाटा ओपनस्ट्रीटमॅपवर टाकताना – माझा अनुभव

मोठ्या शहरातली बाग कुठल्याही मॅपवर उघडा, गेट, बाकडी, टॉयलेट सगळं दिसतं. छोट्या शहराचं पान उघडलं की मेन रोड, चारदोन गल्ल्या आणि बाकी सगळं कोरं. बाग म्हणजे एक हिरवा तुकडा, आणि तळ्याच्या मागून टेकडीवर जाणारी वाट, जिच्यावर रोज सकाळी माणसं चालतात, ती मॅपच्या लेखी नाहीच. मला हे फार खटकायचं, कारण बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं इथे फिरायला काहीच नाही, आणि गावातल्याच नवीन राहायला आलेल्या लोकांना पण कित्येक महिने कळत नाही की मागे एवढी सुंदर वाट आहे. म्हणून मी हे काम हातात घेतलं. कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 मध्ये स्टीव्ह कोस्टने इंग्लंडमध्ये सुरू केलेला प्रोजेक्ट आहे, मॅप लोकच बनवतात आणि डेटा कोणालाही वापरता येतो, श्रेय मात्र द्यावं लागतं, आणि त्या डेटात बदल करून तो पुढे वाटला तर तोही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. ऑरगॅनिक मॅप्स, ओएसएमअँड, कोमूट ही अ‍ॅप याच डेटावर चालतात. म्हणजे एकदा तुम्ही वाट टाकली की ती बऱ्याच ठिकाणी पोचते. अकाउंट फुकट आहे, ईमेल दिला की झालं, त्यात काही सांगण्यासारखं नाही.

पहिली गोष्ट जी पक्की लक्षात ठेवायची ती म्हणजे गूगल मॅपवर बघून काहीही उतरवायचं नाही. नाव सुद्धा नाही. तो त्यांचा डेटा आहे, लायसन्सचा प्रश्न येतो आणि कळलं तर तुमचं काम काढून टाकतात. बिंगचे हवाई फोटो मात्र चालतात, मायक्रोसॉफ्टने 2010 पासून तशी परवानगी दिलीये. आणि सगळ्यात भारी म्हणजे स्वतः चालून बघितलेलं.

तर मी चालायला लागले. फोनवर ओएसएमअँडमध्ये ट्रॅक रेकॉर्डिंग, म्हणजे आपण कुठून चाललो त्याची रेघ नोंदवणं, सुरू करायचं, फोन बॅगेत तळाशी न टाकता वरच्या कप्प्यात ठेवायचा आणि नेहमीच्या चालीने जायचं. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, पण दाट झाडीत किंवा कड्याच्या कडेने गेलं की सिग्नल आपटून येतात आणि रेघ नुसती नागमोडी होते. त्यामुळे झाडीतला भाग मी जाताना आणि येताना असा दोन्ही वेळा रेकॉर्ड केला आणि मग दोन्हीच्या मधून रेघ काढली. हवाई फोटो पण कधीकधी काही मीटर सरकलेले असतात बरं का, त्यामुळे आधी आपल्या ट्रॅकवरून फोटो जुळवून घ्यायचा आणि मगच काढायला बसायचं. ही पायरी खूप जण सोडून देतात आणि मग अख्खी बाग शेजारच्या रस्त्यावर चढलेली दिसते.

एडिटिंग मी आयडी एडिटरमध्ये केलं, तो ओपनस्ट्रीटमॅपच्या साईटवर ब्राउझरमध्येच उघडतो. जोसम नावाचं मोठं सॉफ्टवेअर पण आहे, ताकदवान आहे, पण एका बागेसाठी त्याची गरज नाही. आयडीमध्ये बागेची हद्द काढली, 'पार्क' निवडलं, आत मुलांची खेळायची जागा वेगळी, मैदान वेगळं. वाटांना दोन मुख्य प्रकार लागतात, फरशी किंवा काँक्रीटची मुद्दाम पायी चालायला केलेली असेल तर 'फूटवे', आणि साधी मातीची रानवाट असेल तर 'पाथ'. पायऱ्या असतील तिथे रेघ तोडून तेवढा तुकडा 'स्टेप्स' करायचा, हे अजिबात विसरू नका. आणि दोन वाटा जिथे मिळतात तिथे त्यांचा बिंदू एकच हवा. नुसत्या एकमेकींवर टेकलेल्या दिसल्या तरी बिंदू वेगळे असतील तर अ‍ॅपला त्या जोडलेल्या कळत नाहीत आणि ते माणसाला लांबून वळसा घालून पाठवतं.

रेघा काढणं त्या मानाने सोपं गेलं, एका बैठकीत बराच भाग होतो. खरं काम त्यानंतर होतं. तळ्याकाठच्या वाटेवर रोज फिरायला येणारे एक काका आहेत, त्यांना मी काय करतेय ते दाखवलं तर ते म्हणाले, "अगं वाट आम्हाला माहितीच आहे, मध्ये बसायला कुठे मिळणार ते कळलं तर माझी बायको पण येईल. तिचे गुडघे दुखतात, ती घाबरून गेटमधनंच परत फिरते." मला ते एकदम पटलं. ज्याला धडधाकट पाय आहेत तो मॅप नसला तरी फिरतो. मॅपची गरज खरी कोणाला आहे तर ज्याला निघायच्या आधी माहिती पाहिजे त्याला.

मग मी सगळी बाकडी टाकली, आणि नुसतं बाकडं नाही तर त्याला पाठ टेकायला आहे का नाही ते पण, कारण गुडघेदुखीवाल्याला आणि म्हाताऱ्या माणसाला त्याने फार फरक पडतो. पिण्याच्या पाण्याचा नळ, टॉयलेट, दिवे कुठपर्यंत आहेत, वाटेचा पृष्ठभाग खडी का माती का फरशी. याला स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अँड्रॉइड अ‍ॅप एकदम मस्त आहे, तुम्ही जागेवर उभे असता आणि ते तुम्हाला साधे प्रश्न विचारतं, या वाटेचा पृष्ठभाग कसला, या बाकड्याला पाठ आहे का, आणि उत्तर दिलं की थेट मॅपमध्ये जातं. टॅग, म्हणजे मॅपवरच्या प्रत्येक गोष्टीला माहितीसाठी लावायचे ठरावीक शब्द, पाठ करायची गरज नाही. घरातल्या मोठ्यांना किंवा शाळेतल्या मुलांना पण देता येईल इतकं सोपं आहे.

बागेच्या मागच्या गेटचं मुद्दाम सांगते. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून तिथे लोखंडी पाईप आडवेतिडवे लावलेत, माणूस तिरका होऊन आत जातो. मी मेजरिंग टेप घेऊन गेले आणि दोन पाईपांमधली जागा मोजली तर ती जेमतेम 60 सेंटिमीटर भरली. व्हीलचेअरला आरामात जायला 80 ते 90 लागते. म्हणजे मॅपवर हे नुसतं 'गेट' म्हणून दिसलं असतं आणि कोणी बिचारं व्हीलचेअर घेऊन तिथपर्यंत येऊन अडकलं असतं. मी तिथे अडथळा टाकला, मोकळी रुंदी लिहिली आणि व्हीलचेअर 'नाही' केलं. पुढच्या गेटला उतार आहे, तिथे 'हो'. माझ्या मते अख्ख्या कामात सगळ्यात महत्त्वाची एंट्री हीच.

टेकडीवरच्या वाटेला अवघडपणा पण लिहिता येतो. स्विस अल्पाइन क्लबच्या वर्गवारीवरून घेतलेला एक टॅग आहे, त्यात साध्या वाटेपासून दोर लागेल अशा चढाईपर्यंत पायऱ्या आहेत. छोट्या गावातल्या टेकड्या बहुतेक खालच्या एकदोन पायऱ्यांतच बसतात. उगाच वरची पायरी टाकली की साधी माणसं घाबरतात आणि खालची टाकली तर कोणीतरी चपला घालून वर जातं, त्यामुळे इथे इमानदारीने लिहायचं.

सगळ्यात जास्त विचार करायला लागला तो झुडपातल्या शॉर्टकटवर. लोकांनीच पायाने पाडलेली वाट आहे, पण त्या भागात जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत आणि तोंडाशी आत जाऊ नये असा बोर्ड पण आहे. फिरायला येणाऱ्यांपैकी काही जण म्हणाले टाकूच नको, मॅपवर आली की गर्दी होईल. त्यांची काळजी शंभर टक्के खरी आहे. पण मी ती टाकली, 'अनौपचारिक' आणि 'प्रवेश नाही' असे दोन्ही टॅग लावून. कारण ती वाट हवाई फोटोत स्पष्ट दिसते, मी सोडली तर उद्या दुसरा कोणीतरी घरबसल्या फोटो बघून काढणार, आणि त्याला बोर्ड दिसणार नाही म्हणून तो ती सरळ खुली वाट म्हणून टाकणार. ओपनस्ट्रीटमॅपवर जे जागेवर आहे ते नोंदवायचं असा नियमच आहे, आणि बोर्ड पण जागेवरच आहे ना. काही अ‍ॅप बंद वाट आणि चालू वाट यात नीट फरक दाखवत नाहीत ही अडचण मात्र आहे, आणि ती अ‍ॅपवाल्यांनी सोडवायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सेव्ह करताना काय बदललं आणि कशावरून, ते दोन ओळीत लिहायचं, उदाहरणार्थ 'तळ्याकाठची वाट आणि बाकडी, प्रत्यक्ष चालून'. खाली एक चौकोन असतो, माझं काम कोणीतरी तपासा असं सांगणारा, तो मी टिक केला. आणि खरंच एका अनुभवी मॅपरने बघून लिहिलं की पावसाळ्यात ओढा वाटेवरून जात असेल तर ओढ्याला 'हंगामी' लावा आणि ओलांडायची जागा वेगळी दाखवा. किती बारकाईने बघतात ही माणसं, कोणी पैसे देत नसताना! मी लगेच केलं.

मुख्य साईटवर बदल काही मिनिटांत दिसतात, अ‍ॅपवर ऑफलाइन मॅपच्या पुढच्या अपडेटपर्यंत थांबावं लागतं, काहींना आठवडे पण लागतात, तेव्हा दिसत नाही म्हणून परत परत टाकत बसू नका.

आता माझ्याकडे टेकडीच्या पलीकडचा उतार राहिलाय आणि दिव्यांची माहिती संध्याकाळी जाऊन परत तपासायचीये, कारण खांब आहेत पण सगळे लागतात का ते दिवसा कळत नाही. तुम्ही करणार असाल तर बाकडी, नळ आणि गेट आधी घ्या, वाटांच्या रेघा नंतर काढल्या तरी चालतील. अडलं तर विचारा, मला माहिती असेल तेवढं नक्की सांगेन.