देवासच्या दोन पात्या

आमच्या इंदूरच्या मराठी घरांमधे शेजारच्या देवासचा विषय निघाला की कोणीतरी हसतंच. एका गावात दोन राजे, रस्त्याच्या ह्या बाजूला एकाचं राज्य नि त्या बाजूला दुसऱ्याचं, दोन्हीकडे पाण्याची अन् दिव्यांची सोयसुद्धा वेगवेगळी, असं कुठे असतं का! पण मला विचाराल तर ही आपल्या ओळखीचीच वाटणी आहे, वाडा वाटतात तसं ह्यांनी संस्थान वाटलं.

तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार, दोघे सख्खे भाऊ, बाजीरावांबरोबर माळव्यात आले आणि १७२८ ला इथे राज्य उभं केलं. पुढे त्याच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती नि धाकटी पाती, पाती म्हणजे घराण्याचा वाटा. इंग्रजांशी १८१८ ला तह झाला आणि नंतर दोन्ही गाद्यांना सारखी १५ तोफांची सलामी, म्हणजे तिथेही कोणी कमी नको 😄 टेकडीवर देवीपण दोन आहेत, तुळजाभवानी आणि चामुंडा, बडी माता नि छोटी माता, लोक त्यांना बहिणी मानतात.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव म्हणजे तर सिनेमाच. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई, पण संसार टिकला नाही, मुलाशीही बिनसलं, राज्य कर्जात बुडालं आणि इंग्रज चौकशीला मागे लागले तेव्हा हे सरळ पॉंडिचेरीला निघून गेले कारण तिथे फ्रेंचांची सत्ता, इंग्रजांचा हात पोचत नव्हता. तिथेच १९३७ ला वारले. त्यांचा तोच मुलगा विक्रमसिंहराव १९४७ ला दत्तक जाऊन कोल्हापूरचा छत्रपती झाला, शहाजी महाराज म्हणतात ते हेच, हे कोल्हापूरच्या लोकांना सांगितलं तर अर्ध्यांना पटत नाही.

१९२१ ला ह्याच तुकोजीरावांकडे फॉर्स्टर नावाचा इंग्रज लेखक काही महिने प्रायव्हेट सेक्रेटरी होता, राजवाड्यातली गोकुळाष्टमी बघून गेला. बाहेरचे लोक देवास ओळखतात ते ह्याच्यामुळे आणि मला त्याचा थोडा राग येतो. कारण ह्याच गावात रजब अली खां होते ना, काय तयारीचा गवई, स्वभावाने एकदम तिखट! त्यांचे पुतणे अमानत खां देवासवाले, लताबाई मंगेशकर त्यांच्याकडे शिकल्या. आणि १९४८ ला क्षयाने खंगलेले कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, इथल्या कोरड्या हवेसाठी आले, डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं, पडल्या पडल्या माळवी बायकांची गाणी ऐकत राहिले आणि बरे झाल्यावर जे गायले ते आपल्याला माहीतच आहे. नुसतं हवापालट करून परत गेले असते तर निर्गुणी भजनं तशी आपल्या कानावर आली असती का, मला नाही वाटत.

त्याच १९४८ ला दोन्ही पात्या मध्यभारत राज्यात विलीन झाल्या. आजच्या जिल्ह्यात तर कन्नोद-खातेगाव हा होळकरांचा मुलूख, सोनकच्छ शिंद्यांचं, म्हणजे पवारांचा जिल्हा म्हणायचा तर तेही अर्धवटच खरं.

जायचं असेल तर टेकडीवर सकाळी लवकर चढा, नवरात्रात मात्र नको, उभं राहायला जागा मिळत नाही.