सुलतानाचा लिलाव

कैरोत इतिहास बघायला मुद्दाम कुठे जावं लागत नाही. मुइझ रस्त्यावर नुसतं चहा पीत फिरलं तरी दोन्ही बाजूंना मामलुक सुलतानांच्या मशिदी आणि कबरी लागतात. हे मामलुक म्हणजे विकत आणून लढायला शिकवलेले गुलाम, आणि त्यांनीच 1250 ते 1517 इथे राज्य केलं!

इजिप्तचा नाटककार तौफीक अल-हकीमने 1960 मध्ये त्यांच्यावरच एक नाटक लिहिलं, नाव साधारण ‘गोंधळलेला सुलतान’. मी इंग्रजीतून वाचलं, माझं अरबी भाजीवाल्यापुरतंच आहे. तर गोष्ट अशी की जुना मालक सुलतानाला मुक्त न करताच वारला, म्हणजे कायद्याने हा अजून गुलामच, मग राज्य कसा करणार? वजीर म्हणतो, बोलणाऱ्याची मान उडवा, विषय संपला. काझी म्हणतो, छे, जाहीर लिलाव करा, जो घेईल त्याने मुक्त करायचं. सुलतान तलवार सोडून कायदा निवडतो (इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासरचा काळ, कम्युनिस्ट तुरुंगात, आणि हा गृहस्थ असलं लिहितोय), आणि गावात बदनाम असलेली एक बाई त्याला विकत घेते नि मुक्त केल्याच्या कागदावर सहीच करत नाही! शेवटी ठरतं, एक रात्र माझ्याकडे पाहुणा म्हणून राहा, पहाटेची अजान झाली की सोडते.

मग काझीसाहेब काय करतात, मध्यरात्रीच पहाटेची अजान द्यायला लावतात. मला अख्ख्या नाटकात हीच जागा जबरी वाटली. वजीर निदान उघड दांडगाई करतो, हा मात्र कायद्याचा जप करत करत पळवाट काढतो, आणि ती चलाखी सुलतानालाच पटत नाही.

1967 चं इस्रायलविरुद्धचं युद्ध हरल्यावर मात्र अरबी नाटकांचा सूर जास्त कडू झाला. सीरियाच्या सादल्लाह वन्नूसच्या ‘मामलुक जाबिर’ नाटकात कॉफीहाऊसमधली गिऱ्हाईकं गोष्ट सांगणाऱ्याच्या मागे लागतात, मामलुक सुलतान बैबर्सच्या विजयांची सांग ना. तो ऐकत नाही, त्या जाबिरची सांगतो, ज्याच्या डोक्यावरचे केस काढून गुप्त निरोप लिहिलाय आणि बक्षिसाच्या आशेने तो निघालाय, पण त्याच निरोपात लिहिलंय की आणणाऱ्याला मारून टाका. गिऱ्हाईकं वैतागतात, आपल्याकडेही वैतागतीलच, विजयाच्या गोष्टी ऐकायची आपल्यालाही भारी हौस. तरी कुणीतरी हे मराठीत करा राव, गोष्ट सांगणारा सरळ कीर्तनकार ठेवा.