गुरुजींची फाइल उघडेना

परभणीत माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीपासून येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच: "विंडोज 10 बंद झालं म्हणे, आता डबा फेकायचा का?" बंद काही झालेलं नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याची मुदत संपली, म्हणजे सुरक्षेचे अपडेट आपोआप यायचे ते थांबले. मशीन कालच्यासारखंच चालतं, फक्त नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. आणि विंडोज 11 जुन्या मशीनला चालत नाही. त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप पाहिजे, सिक्युअर बूट म्हणजे चालू होतानाच सिस्टिम तपासायची सोय पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. आपल्याकडं घरोघरी जे डबे आहेत त्यांतले कितीतरी तिसऱ्या-चौथ्या पिढीचे, मोठ्या शहरातल्या कंपन्यांनी काढून टाकलेले आणि इकडं सेकंडहँड आलेले.

तुळशीच्या लग्नाच्या आसपास मानवतहून एका निवृत्त गुरुजींच्या मुलाचा फोन आला. घरात दोन डेस्कटॉप. एक गुरुजींचा, एक मुलाचा. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे आणि हिशेब तो रात्री घरी बसून टॅलीत टाकतो. "नवं घ्या असं म्हणू नका दादा," तो आधीच म्हणाला. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलेलं, दुकानाची उधारी गावभर अडकलेली. नवं घ्या असं कुणाला म्हणायची हिंमत माझीही नव्हती.

जाताना मनात हिशेब सोपा होता. गुरुजी बातम्या वाचतात, यूट्यूबवर कीर्तन ऐकतात, थोडं टाइप करतात. अशा माणसाला विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम द्यावी आणि निघावं. मुलाचं काय ते नंतर बघू.

गुरुजींचा डबा आय-3 3220 चा, 4 जीबी रॅम, 500 जीबीची फिरती हार्डडिस्क. बटण दाबलं. काकूंनी चहा टाकला, चहा आला, पिऊन झाला, तरी डेस्कटॉपवरचं गोल चक्र फिरतच होतं. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क 100 टक्के. गुरुजी म्हणाले, "कामून एवढं दमतंय हो हे?"

इथं एक सांगून ठेवतो, कारण लिनक्सवाले हे सांगत नाहीत. असं मशीन मरगळतं ते बहुतेक वेळा हार्डडिस्कमुळं. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली की विंडोज 10 सुद्धा पळायला लागतं. "लिनक्स टाकलं आणि कंप्युटर नवा झाला" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच दिवशी डिस्कही बदलली होती, ते विचारून बघा. रॅमचंही तसंच. लिनक्सचाच एक प्रकार म्हणजे मिंट, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती स्वतःला कमी रॅम घेते हे खरं, पण क्रोममध्ये पंधरा टॅब उघडले तर 4 जीबी कुठल्याही सिस्टिममध्ये संपणारच.

गुरुजींना आधी पेनड्राइव्हवरून मिंट दाखवलं. डिस्कला हात न लावता ते चालतं, आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढायचा. त्यांनी माउस घेतला, फायरफॉक्स उघडलं, कीर्तन लावलं, आवाज आला. "हे तर तेच हाय की," ते म्हणाले. मुलगा मागं उभा राहून विचारत होता, स्टार्ट बटण कुठंय, सी ड्राइव्ह कुठंय. गुरुजींना सी ड्राइव्ह माहीतच नव्हता, म्हणून त्यांचं काही हरवलंही नव्हतं.

मग ते म्हणाले, "आता माझी फाइल काढा."

फाइल म्हणजे जात्यावरच्या ओव्या. मानवत, सेलू, पाथरीकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून, वहीत उतरवून, नंतर वर्षानुवर्षं एका बोटानं टाइप केलेल्या. मिंटसोबत येणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या आणि पडद्यावर एबीसीडी, स्वल्पविराम, डॉलर, कंस यांचा चिखल. गुरुजींचा हात माउसवरून खाली आला. काकू स्वयंपाकघरातून विचारत होत्या, काय झालं म्हणून.

मला बघताक्षणी कळलं: श्रीलिपी, मराठी टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर. त्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षर हे मराठी म्हणून साठवलेलंच नसतं. आत इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो आणि फाँट त्यावर 'क'चं चित्र चढवतो. फाँट नसला की आतला सांगाडा दिसतो. विंडोजच्या फाँट फोल्डरमधून त्या टीटीएफ फाइली उचलल्या, मिंटमध्ये डबल क्लिक करून बसवल्या आणि ओव्या जागेवर आल्या. गुरुजींनी पहिली ओवी मोठ्यानं वाचली, काकूंना ऐकू जाईल अशी.

पण वाचता आलं म्हणजे काम झालं नाही. पुढं लिहायचं तर श्रीलिपीचं कीबोर्डवालं सॉफ्टवेअर विंडोजचं, आणि गुरुजींचं बोट त्यावर बसलेलं. माझा सोपा हिशेब इथं मोडला. ज्याला काहीच लागत नाही असं वाटलं होतं, त्यालाच या घरात सगळ्यात अवघड गोष्ट लागत होती.

मी तीन वाटा सांगितल्या. विंडोज तसंच ठेवायचं, पण इंटरनेटची वायर कायमची काढायची. नुसतं लिहायचं यंत्र म्हणून ते अजून कितीही वर्षं चालेल. किंवा एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम. ही वाट मला स्वतःला आवडत नाही, घरातल्या कुणी चुकीचं बटण दाबलं की फोन मलाच येतो. किंवा सगळं लिखाण युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत आणायचं आणि त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायचा.

"युनिकोड केलं तर पुण्याला नातीच्या मोबाइलवर उघडंल?"

"उघडेल. व्हॉट्सअॅपवर सुद्धा."

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन पानं करून दाखवा."

केली. कन्व्हर्टरनं बरंचसं नीट आणलं. ओव्यांत रफार फारसे नसतात, तिथं वाचलो. पण 'सोयऱ्या', 'साऱ्या', 'दुसऱ्या' यांतला प्रत्येक 'ऱ्या' फुटला होता, आणि मध्ये कुठं गावाचं नाव इंग्रजीत टाइप केलं होतं त्याचं भलतंच देवनागरी झालं होतं. मी म्हटलं, हे सगळं तुम्हाला डोळ्याखालून घालावं लागेल. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "तपासायचं तर होतंच. छापायच्या आधी कोण तपासणार होतं, माझा बाप?"

इनस्क्रिप्टसाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, एवढं कळल्यावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं, एक अख्खी ओवी लिहिली. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. लाइट आल्यावर पेनड्राइव्हवरून पुन्हा चालू केलं तर ओवी नाही, लेआउट नाही, फाँटही नाहीत. पेनड्राइव्हवरच्या चालीत काही साठत नाही हे मी आधी सांगितलं होतं, पण आता ते त्यांना पटलं. "मग डिस्कवरच टाका," ते म्हणाले.

आधी त्यांचं सगळं फोल्डर आणि फाँट दोन ठिकाणी उतरवून घेतले, जुनी हार्डडिस्क काढून कपाटात ठेवायला दिली, नव्या एसएसडीवर मिंट 22 टाकलं. ते उबुंटू 24.04 वर उभं आहे आणि 2029 पर्यंत त्याला अपडेट येतील. एकच गोष्ट अडली, प्रिंटर. झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तसला जुना लेझर, लिनक्समध्ये ओळखीनाच. त्यावर फार वेळ घालवला नाही. गुरुजी पीडीएफ करतील आणि छपाई मुलाच्या मशीनवरून होईल असं ठरवलं.

आता मुलालाही हुरूप आला. "माझ्यावर पण हेच टाका दादा, लई फास्ट दिसतंय." मी नाही म्हटलं. त्याचं टॅली विंडोजवर चालतं, प्रिंटर विंडोजवर चालतो, पुढं मार्चअखेर आहेच. लिनक्समध्ये वाइन नावाच्या सोयीनं विंडोजचे काही प्रोग्राम चालवता येतात, पण दुसऱ्याच्या धंद्याचा हिशेब मी त्यावर ठेवणार नाही. त्याचं विंडोज 10 कंपनीकडूनच आलेलं, असली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे न देता 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. तेवढं करून दिलं. खात्याचा पासवर्ड त्याला आठवेना, त्यातच तासभर गेला.

"आणि पुढच्या ऑक्टोबरला?" त्यानं विचारलं.

"पुढचं सोयाबीन कसं येतंय ते बघून ठरवू," मी म्हटलं आणि बिल लिहायला घेतलं. गुरुजी आतून विचारत होते, इनस्क्रिप्टमध्ये 'ळ' कुठंय.